आमची वाटचाल : दोनच समाजमाध्यमं, पण उत्तर त्याच दिवशी

देवगड तालुक्यातली आमची हापूसची बाग माझ्या आजेसासऱ्यांनी लावली. कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, दुसरीकडून माती आणून ते भरले आणि कलमं धरवली. पुढे दोन पिढ्या आमचा आंबा एकाच वाटेने गेला. पेटी भरायची, ट्रकमध्ये चढवायची, वाशीला दलालाकडे पाठवायची आणि पट्टीची, म्हणजे दलालाच्या विक्रीच्या हिशेबाची, वाट बघायची. आंबा शेवटी कुणाच्या घरी गेला, त्यांना आवडला का, पुढच्या वर्षी पुन्हा हवाय का, यातलं काहीच बागेपर्यंत परत यायचं नाही.

२०२० साली ही वाट बंद पडली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली तेव्हा झाडावर फळ तयार होत होतं. बाजार कधी चालू, कधी बंद, याचा भरवसा नव्हता, आणि चौदा आणे झालेलं, म्हणजे काढणीला आलेलं, फळ झाडावर राखून ठेवता येत नाही. सासरे म्हणाले, "आंबो कोणासाठी थांबणा नाय." मग कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी त्या वर्षी जे केलं तेच आम्ही केलं. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन लावले. त्यांनी आपापल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, एकेका सोसायटीत कुणी काकू किंवा सेक्रेटरी पुढे झाले, त्यांनी यादी केली आणि आमचा टेम्पो परवाना काढून थेट त्यांच्या गेटवर गेला. पैसे यूपीआयने आले. एका आजींनी आवाजी मेसेज पाठवला होता, "काका, असा आंबा लहानपणी खाल्ला होता." सासऱ्यांनी तो शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकवला.

आमची फर्म तिथून उभी राहिली. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलंच होतं, त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून आम्ही नाव नोंदवलं. खाद्यपदार्थांचा परवाना काढला, पेटीवर छापायला लेबल केलं. बागेचं काम यजमान आणि सासरे बघतात. पॅकिंग, हिशेब आणि गिऱ्हाईक माझ्याकडे. मदतीला गावातलीच एक मुलगी आहे, आणि पुण्यातलं वाटप माझा पुतण्या नोकरी सांभाळून करतो.

त्याच वर्षी, २९ जूनला, टिकटॉकवर बंदी आली आणि पाठोपाठ जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणल्या. जो तो व्हिडिओ काढायला लागला. पुतण्याचं म्हणणं होतं, "काकी, धंदा करायचा तर सगळीकडे दिसलं पाहिजे." फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, ट्विटर, टेलिग्राम, कंपन्यांच्या भेट-ऑर्डरींसाठी लिंक्डइन अशी त्याची यादी तयार होती. बचतगटाच्या एका प्रशिक्षणातही आम्हाला हेच सांगितलं गेलं. फुकट आहे ना, मग घ्या.

मी मात्र पहिल्यापासून एकच विचारत आले की तिथे कुणी काही विचारलं तर उत्तर कोण देणार? प्रत्येक नवं माध्यम म्हणजे दुकानाला काढलेली आणखी एक खिडकी. खिडकी उघडी असली की तिच्याशी कुणीतरी येऊन उभं राहणारच, आणि आत माणूस नसेल तर ते रागावून जाणार.

एप्रिलमधला आमचा दिवस कसा असतो ते सांगितलं तर हे नीट कळेल. उजाडता उजाडता काढणी सुरू होते. नूतन झेल्याने, म्हणजे काठीला पातं आणि जाळी लावलेल्या अवजाराने, फळ डेखासकट (देठासकट) काढायचं, कारण डेख तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि पिकल्यावर तिथे काळा डाग पडतो. उन्हं चढायच्या आत क्रेट पडवीत येतात. मग वजनाप्रमाणे निवड करायची, डागी बाजूला काढायचं, पेटीत पेंढा घालून थर लावायचे, वर नाव आणि फळांची संख्या लिहायची. दुपारी टेम्पो भरून निघाला की मगच हात रिकामे होतात. तोवर फोनवर प्रश्न साठलेले असतात. पेटी किती डझनाची? कोथरूडला कधी येणार? काल आलेले आंबे हिरवेच आहेत, फसवलंत का? आणि मधूनच कापलेल्या फोडीचा फोटो येतो, आत पांढुरका, मऊ पडलेला साका.

साका बाहेरून ओळखता येत नाही. बागायतदाराला नाही आणि दलालालाही नाही, फळ कापल्यावरच तो कळतो. त्यामुळे असा फोटो आला की आम्ही वाद घालत नाही, पुढच्या गाडीत तेवढी फळं बदलून जातात. पण हे त्याच संध्याकाळी सांगावं लागतं. दोन दिवसांनी उत्तर मिळालेल्या गिऱ्हाइकाला फळ बदलून दिलं तरी त्याच्या मनातली अढी जात नाही, आणि तोवर त्याने दहा जणांना सांगितलेलं असतं. आंबा नाशवंत आहे, तशी त्याच्याबद्दलची तक्रारही.

म्हणून आम्ही मोजणी उलट्या बाजूने केली. संध्याकाळी चहा घेऊन बसल्यावर मी आणि ती मुलगी मिळून ताज्या मनाने किती उत्तरं देऊ शकतो, ते आधी पाहिलं. त्यात जेवढी माध्यमं बसतील तेवढीच घ्यायची असं ठरलं. शिवाय ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवला, "नाव कुठून कळलं". प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारायचा आणि तो जे सांगेल ते लिहायचं. पावसाळ्यात वही घेऊन बसलो तेव्हा चित्र स्वच्छ होतं. बहुतेकांना जुन्या गिऱ्हाइकाने आमचा नंबर पाठवला होता. त्यानंतर इन्स्टाग्रामवर अढीचा, म्हणजे पेंढ्यात पिकायला घातलेल्या आंब्यांचा, व्हिडिओ बघून आलेले. मग कुणकेश्वरला किंवा विजयदुर्गला जाताना गूगलच्या नकाशावर बाग दिसली म्हणून गाडी वळवणारे. ट्विटरचं आणि टेलिग्रामचं नाव त्या रकान्यात आलंच नाही.

हा रकाना छोट्या धंद्यातल्या प्रत्येकाने ठेवावा असं मला मनापासून वाटतं. व्हिडिओ किती जणांनी पाहिला हा आकडा बघून हुरूप येतो, पण त्यातले निम्मेअधिक जिथे आपली गाडीच जात नाही तिथले असतात. इंदूरहून विचारणा, गुवाहाटीहून विचारणा. न्यू जर्सीहून एक ताई कळवळून लिहितात, एक पेटी तरी पाठवा. अमेरिकेला आंबा जायचा तर तो आधी विकिरण केंद्रातून (किडीसाठी फळावर किरणांची प्रक्रिया करतात तिथून) जावा लागतो. २००७ मध्ये लासलगावच्या केंद्रातून तो मार्ग खुला झाला, पण ते निर्यातदाराचं काम, कुरिअरने एक पेटी धाडण्याचं नव्हे. त्या ताईंना हे सगळं समजावून लिहिण्यात अर्धा तास जातो, आणि तो द्यायलाच हवा, कारण परगावच्या मराठी माणसाचा आंब्यासाठी तुटणारा जीव मला कळतो. मात्र अशी खाती चार ठिकाणी असती तर तो अर्धा तास कुठून आणला असता?

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. तयार फळ जमिनीवर पडलं, फांद्या मोडल्या, वीज गेली आणि फोनची रेंजही गेली. त्या आठवड्यात ज्यांना पेट्या जायच्या होत्या त्यांचे आगाऊ पैसे आमच्याकडे होते. पुण्याच्या वाटपासाठी रोज रात्री मी पुतण्याला यादी पाठवत असे, नाव, पत्ता, फोन, किती पेट्या, किती पैसे आले. ती यादी त्याच्याकडे होती म्हणून त्याने स्वतःच्या फोनवरून एकेकाला फोन लावला, बागेत काय झालंय ते सांगितलं आणि पैसे परत करतो म्हणाला. बरेच जण म्हणाले, पैसे राहू द्या, पुढच्या वर्षीच्या पेटीत धरा. रेंज आल्यावर मी ते मेसेज वाचले आणि यजमानांना वाचून दाखवताना माझा आवाज बसला. पडलेल्या फळाचं दुःख होतंच, पण ही माणसं वाशीच्या पट्टीवर आम्हाला कधी दिसली नसती.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम बंद पडली, सुमारे सहा तास. हंगाम नव्हता, आमचं काही अडलं नाही, पण पुतण्याशी दुसऱ्या दिवशी मोठी चर्चा झाली. तो तीन माध्यमं मोजत होता, ती निघाली एकाच घरची. फेसबुकने इन्स्टाग्राम २०१२ मध्ये घेतलं आणि व्हॉट्सॲप २०१४ मध्ये. म्हणजे तीन ठिकाणी असलो म्हणून जोखीम तिघांत वाटली गेली, असं होत नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये मिटलं, गूगल प्लस २०१९ मध्ये, टिकटॉकचं तर वर आलंच, पुढे २०२४ मध्ये ट्विटरसारखं आपलं भारतीय ॲप कू बंद झालं. गिऱ्हाइकाचा फोन नंबर आपल्या वहीत असेल तर यातलं काहीही गेलं तरी चालतं. तेव्हापासून हंगामाच्या शेवटी वहीची एक स्वच्छ प्रत काढून ठेवण्याचा आमचा शिरस्ता आहे.

या सगळ्यातून जे ठरलं ते आजवर चालू आहे. रोजच्या वापरात माध्यमं दोनच, व्हॉट्सॲप बिझनेस आणि इन्स्टाग्राम. त्यातही व्हॉट्सॲप बारा महिने, इन्स्टाग्राम मोहोर दिसायला लागल्यापासून पाऊस पडेपर्यंत.

व्हॉट्सॲपवर कॅटलॉगमध्ये पेटीचे आकार आणि आठवड्याचा भाव असतो. लेबलांचा उपयोग आम्हाला सगळ्यात जास्त झाला. "पैसे आले", "गाडीत गेली", "पोचली", "फळ बदलायचं" अशी लेबलं लावली की संध्याकाळी कुणाचं काय राहिलं ते एका नजरेत दिसतं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च माणसं बसतात आणि ज्याने आपला नंबर जतन केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ही अट कित्येकांना जाचते. मला ती आवडते. म्हणून पेटीतल्या चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं, "हा नंबर जतन करा, पुढच्या हंगामाची खबर याच नंबरावरून येईल." ज्यांना खरंच हवंय ते करतात, आणि शहराप्रमाणे वेगळ्या याद्या केल्या की पुरतं. अनोळखी नंबरांवर आम्ही कधीच काही पाठवत नाही. लोक तक्रार करतात, नंबर बंद होऊ शकतो, आणि मुळात ते बरंही दिसत नाही.

इन्स्टाग्रामवर आम्ही बाग दाखवतो. तुडतुड्यासाठी केलेली फवारणी, फळाला घातलेल्या कागदी पिशव्या, अढी उघडतानाचा पेंढ्याचा आवाज. भाव तिथे सांगत नाही, विचारलं की व्हॉट्सॲपचा नंबर देतो, म्हणजे ऑर्डर दोन ठिकाणी विखुरत नाही. फेसबुकचं पान ठेवलंय कारण वडीलधारी गिऱ्हाइकं तिथे शोधतात. इन्स्टाग्रामवरचंच तिथे आपोआप जातं आणि वर नंबर लावून ठेवलाय. गूगलच्या नकाशावर वेळ आणि रस्ता बरोबर ठेवतो, अभिप्रायांना शनिवारी उत्तर देतो.

यूट्यूबवर मोजकेच व्हिडिओ आहेत, पण त्यातला एक अतिशय कामाचा ठरला. पेटी घरी आल्यावर काय करायचं: आंबे काढून घ्या, पेंढ्यावर किंवा कागदावर देठ खाली करून पसरा, फ्रीजमध्ये ठेवू नका, रोज एकदा वास घेऊन आणि हाताने बघून तयार झालेले वेगळे काढा. "हिरवे आलेत" असा मेसेज आला की ही लिंक जाते. कार्बाइड न वापरता पाठवलेला आंबा हिरवा येणारच, हे शहरातल्या माणसाला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. सासरेच त्यात बोलतात, त्यांच्या मालवणीत. गिऱ्हाइकांना ते फार आवडतं. तिथल्या प्रतिक्रिया आम्ही बंद ठेवल्या आहेत, कारण त्या बघायला कुणी नाही.

बाकी ठिकाणी आमच्या नावाची खाती फक्त घेऊन ठेवली आहेत. मध्यंतरी कुणीतरी आमच्या पेट्यांचे फोटो उचलून बनावट पान काढलं आणि लोकांकडून आगाऊ रक्कम घेतली. आमच्याच जुन्या गिऱ्हाइकाने ते आम्हाला कळवलं, आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तेव्हापासून नाव दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून ते अडवून ठेवतो. प्रत्येक खात्यावर एकच ओळ आहे: ऑर्डर फक्त या नंबरावर. २०२३ च्या जुलैत थ्रेड्स आलं तेव्हाही एवढंच केलं. सप्टेंबरात व्हॉट्सॲपचे चॅनेल आले ते मात्र आम्ही घेतलं, कारण त्याला वेगळं माणूस लागत नाही. भाव आणि गाडीचा दिवस तिथे टाकला की झालं.

आता आमच्या धंद्यात आंब्याखेरीज आंबापोळी, कोकमाचं आगळ आणि काजूगरही आले आहेत, आणि ते वर्षभर विकता येतात. ऑर्डर सांभाळणाऱ्या त्या मुलीने यंदा स्वतःहून विचारलं, काकी, काजूसाठी इन्स्टाग्राम बारा महिने चालवू का? तिला व्हिडिओची हौस आहे, इंग्रजीही चांगलं येतं. आम्ही तिचा पगार वाढवला, एक फोन तिच्या नावाने घेतला आणि दुपारचे दोन तास पॅकिंगमधून मोकळे केले. दसऱ्यापासून ते काम तिच्याकडे जाईल. पुतण्या म्हणतो, मग यूट्यूबच्या प्रतिक्रियाही उघडूया. त्याला सांगितलंय, त्या वाचून उत्तर देणारा माणूस आधी शोध.