अमेरिकेतला कामगार अब्जाधीशाला मत का देतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. समाजशास्त्र शिकवते म्हटलं की नातेवाईक काय, विद्यार्थी काय, सगळे फिरून फिरून हेच विचारतात, की अमेरिकेतले साधे कामगार ट्रम्पसारख्या अब्जाधीशाला मत का देतात, त्यांना स्वतःचं भलं कळत नाही का?

आधी एक सांगते, प्रश्नातच थोडी गडबड आहे. गरीब कृष्णवर्णीय लोक आजही मोठ्या संख्येने डेमोक्रॅट्सनाच मत देतात, आणि अगदी गरिबांपैकी बरेचजण तर मतदानालाच जात नाहीत. आपण ज्यांच्याबद्दल विचारतो ते बहुतेक वेळा डिग्री नसलेले गोरे लोक असतात, आणि त्यातले बरेचजण काही कंगाल नसतात, बरं चाललं होतं आणि मग घसरलं असे असतात.

ओहायोमधलं यंग्सटाऊन घ्या. स्टीलचं गाव. 19 सप्टेंबर 1977 ला, सोमवारी, यंग्सटाऊन शीट अँड ट्यूब या स्टील कंपनीने तिथली मोठी मिल बंद करत असल्याचं जाहीर केलं, जवळपास 5,000 नोकऱ्या गेल्या आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या मिलही गेल्या. तिथे अजून त्या दिवसाला ब्लॅक मंडे म्हणतात. पगार गेला हे तर झालंच, पण युनियनही गेली, आणि युनियन म्हणजे नुसती पगारवाढ नव्हती, वेगवेगळ्या वंशाचे, वेगवेगळ्या चर्चचे लोक तिथे एकत्र बसायचे (वर्णभेद तिथेही होता, नव्हता असं मी म्हणणार नाही), कुठलं सरकार आपल्या कामाचं याची चर्चा तिथेच व्हायची. 1950 च्या दशकात अमेरिकेत साधारण तीनात एक कामगार युनियनमध्ये होता, आता दहात एक आहे.

2017 मध्ये ट्रम्प यंग्सटाऊनला आले आणि नोकऱ्या परत येतायत, घरं विकू नका असं सांगून गेले. 2019 मध्ये जवळच्याच लॉर्ड्सटाऊनचा जनरल मोटर्सचा प्लांट बंद पडला. आणि तरी 2020 ला यंग्सटाऊनची महोनिंग काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, ट्रम्पकडे गेली, 1972 नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन! इथे लोक म्हणतात, बघा, मूर्ख आहेत. मला हे उत्तर अजिबात पटत नाही, ते आळशी उत्तर आहे आणि अपमान करणारंही.

बर्कलीच्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड लुइझियानातल्या अशा लोकांमध्ये पाच वर्षं जात राहिल्या. त्यांना जे दिसलं ते असं, की हा माणूस स्वतःला एका लांब रांगेत उभा बघतो, टेकडीपलीकडे सुख आहे पण रांग हलत नाही, आणि त्याला वाटतं की स्थलांतरित, कृष्णवर्णीय, बायका पुढे घुसतायत आणि सरकारच त्यांना मदत करतंय. घुसतायत हे खरं नाही. पण रांग थांबलीय हे खरं आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की 1940 ला जन्मलेल्या मुलांपैकी साधारण 90 टक्के आईवडिलांपेक्षा जास्त कमावू लागली, 1980 ला जन्मलेल्यांपैकी फक्त निम्मी. मग रांग का थांबली हे सांगणारी युनियन उरली नाही, तर जो कोणी दोषी दाखवेल त्याचंच पटतं. आणि तुझा अपमान झालाय असं कोणीतरी मोठ्याने म्हटलं, हेच मत द्यायला पुरतं, प्लांट राहो न राहो.

पण मला खरा राग येतो तो दुसऱ्या, डेमोक्रॅट बाजूच्या लोकांचा, कारण ते माझ्यासारखेच शिकलेले लोक आहेत. अमेरिकेत शाळांचा बराच पैसा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, म्हणजे महागडी वस्ती, चांगली शाळा. त्यामुळे डिग्रीवाले ठरावीक शहरांत, ठरावीक उपनगरांत जमतात, अंगणात सगळ्यांचं स्वागत आहे अशी पाटी लावतात आणि त्याच गल्लीत स्वस्त अपार्टमेंट बांधायची म्हटली की झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधता येईल याचे, नियम पुढे करून मीटिंगमध्ये विरोध करतात. देशातल्या वरच्या 1 टक्का लोकांकडे साधारण 30 टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे सगळी मिळून 3 टक्केसुद्धा नाही, याबद्दल ते मनापासून हळहळतात, पण मुलांची शाळा वाटून घ्यायला तयार नाहीत.

परिणाम सोयरिकीत दिसतो बघा. 1960 च्या सर्व्हेत मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल म्हणणारे जेमतेम 5 टक्के होते, 2010 ला रिपब्लिकनांमध्ये जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅट्समध्ये तिसरा हिस्सा. जिथे राहायचं, शिकायचं, काम करायचं ते सगळंच वेगळं झालं, तर मुलांची ओळख तरी कुठे होणार?