ब्रेक दाबलाच नव्हता

मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकच्या डिस्कवर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब शिंपडले आणि ते तव्यावर पडल्यासारखे तडतडून उडाले, तेव्हा कुठे मला पटलं. तोवर मी स्वतःची समजूत घालत होते की आज वारा समोरून आहे.

लक्षणं तर अर्ध्या तासापासून दिसत होती. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी एरवी जशी आरामात घरंगळते तशी घरंगळत नव्हती, मागून कुणीतरी ओढणी धरल्यासारखी अडखळत होती. मागच्या ब्रेकचं पेडल दगड झालेलं, त्याला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, म्हणून नाही. मग तो करपट वास. बाजूला थांबून न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली तर चाक जागचं हलेना.

पंचवीस मिनिटं बसून राहिले. गार झाल्यावर गाडी अशी सुटी झाली की मघाशी काही घडलंच नव्हतं. तापल्यावर धरतो, गार झाल्यावर सोडतो. यातच सगळं उत्तर होतं, पण मला ते दिसायला पुढे दोन आठवडे लागले.

धाकट्या भावाचं निदान फोनवरच तयार होतं. "ताई, तू पाय ठेवून चालवतेस ब्रेकवर." मला राग आला. अर्थात, कारण म्हणून ते खोटं नाही. पेडलवर बुटाचं नुसतं वजन राहिलं तरी पॅड डिस्कला घासत राहतात आणि तापतात. पण ही गाडी मी नऊ वर्षं चालवतेय आणि तिची सगळी दुरुस्ती तारखेनिशी वहीत लिहून ठेवतेय. मला पाय कुठे ठेवायचा ते कळतं.

मी सरळ कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, खोलला. ब्रेक जाम म्हटलं की सगळे तिथेच जातात, आणि तिथे काहीतरी सापडतंही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक कोरडी ठणठणीत, दुसरीवर गंज. पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या उघड्या भागावर पॅडच्या भुकटीचं काळं कडं. वाटलं, सापडला चोर. पिना घासून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस तिथल्या रबराला फुगवतं). पिस्टन पेडल मारून थोडा बाहेर काढला, पुसला, आणि जी-क्लॅम्पने परत आत दाबला. दाबताना ब्लिडर (ऑइल बाहेर सोडायचा कॅलिपरवरचा स्क्रू) उघडा ठेवला, म्हणजे कॅलिपरमधलं गढूळ ऑइल उलटं वर मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल जिथे ऑइलवर दाब देतं तिथे) न जाता नळीतून बाहेर पडेल. चांगली सवय आहे ती. पण नेमका तिनेच घात केला. ब्लिडर बंद ठेवून दाबलं असतं तर पिस्टन मागे सरकलाच नसता, आणि ऑइलला वर जायची वाटच नाही हे मला तिथेच कळलं असतं. माझ्याच नीटनेटकेपणाने पुरावा बाटलीत ओतला.

जोडल्यावर पेडल चार-सहा वेळा मारून पॅड डिस्कला भिडवले. पिस्टन मागे ढकलल्यावर हे विसरलात तर पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो. चाक मोकळं फिरलं, मी खूश. पुढच्या रविवारी पंधरा किलोमीटरवर पुन्हा तोच वास.

या वेळी मात्र आठचा रिंग पाना, पारदर्शक नळी आणि रिकामी बाटली सोबत होती. गाडी जाम असतानाच ब्लिडरला नळी लावली, चष्मा नीट बसवला आणि पाव आटा सैल केला. ऑइलची चिळकांडी नळीतून सुटली आणि त्याच क्षणी चाक मोकळं झालं. ते ऑइल कढत असतं, तेव्हा हात आणि तोंड लांब ठेवा. रंगावर पडलं तर रंग उतरतो, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

या एका चाचणीने निम्मं काम होतं. ब्लिडर उघडल्यावरही चाक सुटलं नसतं तर दोष पिस्टनचा, पिनांचा, म्हणजे अडकलेल्या लोखंडाचा. सुटलं, म्हणजे आत दाब कोंडला होता. मग कोंडणारे दोनच: होज (मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंतची ऑइलची नळी) किंवा मास्टर सिलिंडर. जुना होज आतून फुगून झडपेसारखा वागू शकतो. पायाच्या जोराने ऑइल खाली जातं, परत येताना अडतं. यातला कोण हे ओळखायचं तर जाम असताना मास्टर सिलिंडरकडचा, होज जोडणारा बँजो बोल्ट किंचित सैल करायचा. तिथे चाक सुटलं तर होज निर्दोष. मी तेवढं रस्त्यावर केलं नाही. घरी येऊन ऑइलच्या टाकीचं झाकण आणि आतलं रबर काढलं आणि पेडल हाताने अगदी हळू दाबत वर पाहत बसले.

टाकीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पेडल पूर्ण सुटलेलं असताना मास्टर सिलिंडरचा पिस्टन त्या भोकाच्या मागे असतो आणि भोक उघडं राहतं. ऑइल तापून फुगलं की वाढलेलं तेवढं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. पेडल दाबलं की पिस्टन पुढे येऊन भोक झाकतो आणि मग दाब तयार होतो. झाकण्याआधी ऑइलचा एक बारीक उमाळा वर येतो, पृष्ठभाग हलतो. माझ्याकडे काहीच हललं नाही. म्हणजे पेडल सुटलेलं असतानाही भोक झाकलेलंच होतं.

पुढचं सरळ आहे. चालवताना एक-दोनदा ब्रेक मारला, ऑइल जरा तापलं, फुगलं, परतायला वाट नाही, म्हणून पॅड डिस्कला दाबले गेले. त्या घासण्याने आणखी उष्णता, आणखी फुगणं, आणखी पक्की पकड. गार झालं की ऑइल आकसतं आणि गाडी साळसूद.

पण पिस्टन पुढे ढकलून ठेवला कुणी? वही उघडली. सहा आठवड्यांपूर्वीची नोंद, माझ्याच अक्षरात: "नवे बूट, सोल जाड. मागच्या ब्रेकचं पेडल उंच केलं, पुशरॉड दीड आटा. ब्रेक लाइटचा स्विच जुळवला."

आठवलं. पुशरॉड, म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमधली दांडी, लांब करत गेले तसं पेडल वर येत गेलं, मग त्याची वरची हद्द ठरवणाऱ्या स्टॉप बोल्टला टेकून थांबलं. मला अजून थोडं उंच हवं होतं, म्हणून आणखी अर्धा आटा दिला. पेडलला तर वर जायला जागा नव्हती. तो अर्धा आटा गेला थेट पिस्टनमध्ये. आधी स्टॉप बोल्ट मागे घ्यायचा, मग रॉडला हात लावायचा; मी उलटं केलं, तेही अर्धवट.

लॉकनट सैल करून रॉड दीड आटा मागे घेतला. पेडल दाबलं, टाकीत उमाळा आला. भावाला व्हिडिओ पाठवणार होते, नाही पाठवला.

एवढ्या तापण्याचा हिशेब भागवायचा होताच. डॉट ४ ऑइल ताजं असताना २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये असं मानक आहे, पण हवेतला ओलावा पिऊन ते जुनं झालं की ही हद्द १५५ अंशांपर्यंत उतरते. माझं तीन वर्षांचं, चहाच्या रंगाचं. ते उकळलं असतं तर वाफ झाली असती आणि दगडासारखं पेडल एकाएकी लोण्यासारखं खाली गेलं असतं. सगळं बदललं. पॅड काचेसारखे चकाकत होते, नवे टाकले. डिस्कवर निळी झाक आली आहे, पण ती वाकलेली नाही आणि तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा अजून जाड आहे, म्हणून राहू दिली.

परवा दोघं दोन गाड्यांवर निघालो. तीस किलोमीटर झाले, चाक मोकळं, डिस्क जेमतेम कोमट. भाऊ मागून हॉर्नवर हॉर्न देत शेजारी आला आणि ओरडला, "ताई, पाय काढ! मघापासून ब्रेक लाइट चालू आहे तुझा!"

पेडल खाली आणलं होतं, स्विच मात्र अजून उंच पेडलाच्याच हिशेबाने बसलेला होता.