बाही वर सरकवली तेव्हा दिसलेली गोचीड

उदगीर तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या वर्गात रक्तदान शिबिर होतं. पावसाळा संपत आलेला. गाई-शेळ्या राखणारा तरुण टेबलासमोर बसला. वजन 58 किलो, हिमोग्लोबिन 14.2. बीपीचा पट्टा बांधायला बाही वर सरकवली, तर काखेजवळ तुरीच्या दाण्याएवढी फुगलेली गोचीड.

"मॅडम, जनावरामागं फिरतो, गोचीड लागणारच," म्हणत तो ती नखानं ओढायला लागला. मी त्याचा हात धरला.

गोचीड बोटांत फुटली तर आतला द्रव कातडीवरच्या बारीक जखमेतून शरीरात जाऊ शकतो. क्रायमियन-काँगो ताप, म्हणजे गोचिडीतून येणारा जीवघेणा विषाणूजन्य ताप, असाही पसरतो. 2011 मध्ये गुजरातेत तो भारतात पहिल्यांदा निश्चित झाला, तेव्हा रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. म्हणून आधी हातमोजे. मग बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून गोचीड तोंडाजवळच पकडायची आणि पीळ न देता, झटका न देता सरळ वर ओढायची. पोट दाबायचं नाही. रॉकेल, चुना, पेटती काडी तर अजिबात नको. त्रास झालेली गोचीड पोटातलं जखमेत ओकू शकते. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत, जखम साबणानं स्वच्छ.

डॉक्टरांनी त्याला 28 दिवस रक्तदानापासून थांबवलं. तेवढ्यात तो म्हणाला, भावानं तर मघाशीच दिलं, तोही सोबतच जनावरं राखतो.

भाऊ चहा-बिस्किटं घेत बसला होता. त्याच्या फॉर्मवर 'ताप नाही' आणि थर्मामीटरचा आकडाही नॉर्मल. त्याला बाजूला घेऊन वेगळं विचारलं: अंगावरून गोचिडी काढल्या का, कणकण आहे का, कुठली गोळी घेतली का? तिन्हींचं उत्तर होकारार्थी. रात्रीपासून अंग मोडून आलेलं, सकाळी पॅरासिटामॉल घेतली होती. गोळीनं ताप दाबला, आणि कणकणीला आपल्याकडे कुणी ताप म्हणत नाही.

त्याची 350 मिलिलिटरची पिशवी पेटीतून काढली. पिशवी, नमुन्याच्या नळ्या आणि फॉर्म यांचा क्रमांक जुळवून वेगळी ठेवली आणि रक्तकेंद्राला लगेच फोन केला. हे गाडी पोहोचायच्या आत व्हावंच लागतं. घटक वेगळे करायच्या खोलीत एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट निघतात आणि तीन वेगळ्या रुग्णांकडे जातात. ती पिशवी नष्ट केली.

एवढी धावपळ का? आपल्याकडे प्रत्येक पिशवीच्या सक्तीच्या तपासण्या पाच: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस, मलेरिया. गोचिडीच्या आजारांचं यात काहीच नाही. बॅबेसिया हा गोचिडीतून येणारा परजीवी तांबड्या पेशींत राहतो, 2 ते 6 अंशांच्या फ्रीजमध्येही टिकतो. अमेरिकेत जिथे त्याचा प्रादुर्भाव आहे, तिथे 2019 पासून दात्यांच्या रक्ताची त्यासाठी तपासणी करण्याची शिफारस आहे. आपल्या शिबिरात मात्र दात्याला नीट विचारणं आणि त्याचं अंग बघणं, एवढंच हाती असतं. मला तर वाटतं, जनावरं राखणाऱ्या गावांत गोचिडीचा प्रश्न फॉर्मवर छापूनच ठेवावा.

भावाला चिठ्ठी देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. चिठ्ठीवर 'गोचीड चावली आहे' हे डॉक्टरांनी सगळ्यात वर लिहिलं. गोचीडतापात, म्हणजे गोचिडीतून आलेल्या रिकेट्सिया जिवाणूंच्या तापात, तळहात-तळपायांवरही पुरळ येतं, पण ते उशिरा. डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू झालं तर चांगलं लागू पडतं, आणि नुसता ताप पाहून डेंग्यूच्याच तपासण्या करत बसलं तर तेच दिवस वाया जातात.