बंबाला तोटी कुणी लावली?

ऑक्टोबर, पहिला रविवार

माडीवरून आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब खाली आणला. पंधरा वर्षं गव्हाच्या कोठीमागं उलटा पडून होता. झाकण आणि राखेची पेटी सोडून वजन ११ किलो ४०० ग्रॅम. पोट २२ लिटरचं, तांबं चांगलं जाड. भंगारवाल्याला सहज विचारलं तर त्यानं किलोला सहाशे सांगितले, आणि आता रोज नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतून जाताना तो फाटकातून आत डोकावतो.

न्हाणीघरातला गिझर गळून राहिलाय. नवा घ्यायचा की बंब कामाला लावायचा, एवढाच प्रश्न. आईचं मत बंबाला. बायको म्हणाली, "आधी धूर कुठं जाणार ते सांगा." मी ठरवलं, नरकचतुर्दशीची पहिली आंघोळ बंबाच्याच पाण्यानं.

दुसरा आठवडा

बाहेरून चिंच-मीठ. त्यात सांगण्यासारखं काही नाही, खांदे दुखतात एवढंच.

आत मात्र क्षाराचा थर, कुठंकुठं तीन मिलिमीटर. पेंचचं पाणी नळाला येत असलं तरी आमच्याकडे बंबात परसातल्या विहिरीचंच जायचं, आणि ते जड. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व टाकून रात्रभर ठेवलं. सोड्यासारखं फसफसलं, सकाळी तळाशी पांढरा गाळ. असं तीनदा केलं. आतलं तांबं गुलाबी दिसायला लागलं आणि मी फार खूश.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री

पाणी भरलं. दहा मिनिटांत जाळाखालच्या जाळीवर टपटप.

मीच खरवडून काढलेल्या क्षारानं ती फट बुजवून ठेवली होती! पहाटे अभ्यंगस्नान झालं ते गळक्या गिझरच्या पाण्यानं. आई काही बोलली नाही, उटणं लावताना जरा जोरात लावलं तेवढंच.

नोव्हेंबर

टॉर्च घालून मधली नळी पाहिली. (नव्यांसाठी: बंबाच्या पोटातून जी उभी नळी जाते त्यात जाळ असतो, पाणी तिच्या भोवती.) तिचा उभा सांधा वरून उकललेला, पण तळाकडची चार बोटं एकदम शाबूत. तोटीही तळापासून बरोबर चार बोटांवर. इथं माझी ट्यूब पेटली.

बंबाच्या बाहेरच्या सांध्यांना पिवळा झाळ, म्हणजे पितळ वितळवून केलेला जोड आहे. नळीच्या सांध्याला मात्र पांढरा डाग, म्हणजे कथिल-शिशाचा जोड. म्हणजे नळी नंतर कुणीतरी बदललेली. असा डाग २०० अंशांच्या आतच वितळतो. तरी तो टिकतो, कारण पलीकडे पाणी असेपर्यंत तांबं शंभराच्या फार वर जात नाही. तोटीनं पाणी काढत राहिलं की वरची नळी कोरडी पडते, खाली जाळ चालूच, आणि डाग सुटतो. तोटीच्या खालचं पाणी कधी निघालंच नाही, म्हणून तेवढा सांधा वाचला.

मग ही तोटी मुळात होती का? अमरावतीला आत्याला फोन केला.

"तोटी कुठची रे! नरसाळ्यातून गार ओतायचं, तेवढंच गरम वरच्या चोचीतून बादलीत पडायचं. तोटी दादानं लावली, ओतायचा कंटाळा म्हणून."

दादा म्हणजे माझे बाबा. आणि ती चोच मी इतके दिवस शोभेची समजत होतो.

आता सगळी रचना डोळ्यांपुढं आली. नरसाळ्याची नळी तळाच्या दोन बोटं वर येऊन थांबते. गार पाणी जड, ते तळाशीच राहतं आणि वरचं गरम पाणी ढकलतं. काढायचं तर ओतावंच लागतं, म्हणून बंब कधी रिकामा होत नाही. ज्यानं हे डोकं लावलं त्याला माझा नमस्कार. तुमच्या बंबाला तोटी असेल तर ती मूळची आहे का, एवढं जाळ लावायच्या आधी पाहा. आणि नरसाळं किंवा चोच कधीही बुजवू नका, वाफेला वाट तीच.

डिसेंबर

इतवारीत विचारत विचारत एक जुने कारागीर सापडले. टाकणखार लावून नळीचा पूर्ण सांधा पितळेनं झाळला, तोटीच्या भोकावर तांब्याची चकती बसवली. आतून कल्हईही (कथिलाचा मुलामा) करता का विचारलं तर म्हणाले, "न्हायच्या पाण्याले कल्हई कायले, भाऊ?" पैसे मिळत असताना नको म्हणणारा माणूस. कुणाला करायचीच असेल तर झाळकामानंतर करा. कथिल २३२ अंशांना वितळतं, झाळायच्या आचेपुढं ते काय टिकणार!

पारा उतरलाय. २०१८ च्या डिसेंबरात इथं ३.५ पर्यंत गेला होता तसं नाही, पण पहाटे परसात उभं राहवत नाही. मोजमाप घेतलं: पाणी १९ अंश, बाभूळ आणि तुराट्या मिळून १ किलो ३०० ग्रॅम, ३५ मिनिटांनी ५८ अंश. पाण्यात गेली ती उष्णता साधारण एका युनिट विजेएवढी. लाकडातली मात्र पाचातला एक हिस्साही पाण्यात आला नाही, बाकी धुराड्यातून आकाशात. दोन किलोवॅटचा गिझर हेच काम अर्ध्या तासात करतो. पऱ्हाट्या टाकून पाहिल्या, भरकन पेटतात नि तशाच संपतात, आणि शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर काजळी. संत्र्याच्या छाटणीच्या काटक्या त्यापेक्षा बऱ्या.

तेव्हा ठरलं ते असं: रोजच्यासाठी नवा गिझर, पंचवीस लिटरचा नाही, पंधराचा. बंब रविवारी आणि सणाला, परसात उघड्यावरच. न्हाणीघरात नेणार नाही; बंद खोलीत जाळाचा वायू वास न येता जीव घेतो. पैसे वाचतील म्हणून कुणी बंब चालू करत असेल तर करू नका. मला तो चालू हवा होता, एवढंच कारण.

भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. "जाळी तरी द्या," म्हणाला.

जाळीच आता नडली आहे. बीडाची (ओतीव लोखंडाची) आहे, गोल, व्यास १९ सेंटिमीटर, मधली पट्टी तुटलेली. कुणाकडे जोडीची पडून असेल तर कळवा. बदल्यात पितळेची एक तोटी देतो.