एकाच वळणाची गाणी

रविवार, रात्री उशिरा

भाच्याला गिटारचा क्लास लावल्यापासून घरात रॉकचे दिवस परत आले आहेत. आज दुपारी तो 'स्टेअरवे टू हेवन'ची सुरुवात बसवत होता. बोटं अडखळत होती, पण सूर बरोबर लागत होते. मध्येच थांबून त्याने फोनवर दुसरंच काही लावलं आणि म्हणाला, "मावशी, हे ऐक आणि सांग, कोणी कोणाचं ढापलंय?" ते होतं स्पिरिट या अमेरिकन बँडचं 'टॉरस', 1968 सालचं. लेड झेपेलिन या इंग्लिश बँडचं 'स्टेअरवे' आलं 1971 मध्ये. पोराला एका वाक्यात उत्तर हवं होतं. मला ते देता येईना. संध्याकाळभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी पेटी काढली. कानाला जे वाटतं ते बोटांनी तपासल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. पांढरी सहा हा सा धरला, की दोन्ही गाण्यांत खालच्या बाजूने एक ओळ उतरत जाते: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध. एकही सूर न गाळता, पायरी पायरीने. आपल्या रागसंगीतात दोन्ही नी आणि मग दोन्ही ध असे एकापाठोपाठ एक सहसा येत नाहीत. म्हणून आपल्या कानाला हा उतार फार चमकतो. असं दुसऱ्या कोणाला सुचलंच नसणार असं वाटतं, आणि चोरीचा संशय लगेच पक्का होतो. पण युरोपात ही उतरण शेकडो वर्षं चालत आलेली आहे. सतराव्या शतकात पर्सेलने आपल्या ऑपेरात डायडो राणीचा अखेरचा विलाप याच जातीच्या उतरत्या सुरांवर उभा केला. दुःख सांगायचं असलं की तिकडचे रचनाकार या वाटेने जातातच. तेव्हा ही ओळ स्पिरिटची नाही आणि झेपेलिनचीही नाही.

तरीही भाच्याच्या कानाने सांगितलं ते खोटं नाही. तारा सुट्या सुट्या छेडण्याची ती पद्धत आणि तो संथपणा ऐकला, की दोघांचं काही नातं असावं असं मलाही वाटतं. झेपेलिनचे लोक स्पिरिटला ओळखत होते, सुरुवातीच्या काळात त्यांचं एक गाणं कार्यक्रमांत वाजवतही होते. 2014 मध्ये 'टॉरस'च्या बाजूने झेपेलिनवर दावा दाखल झाला. जून 2016 मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने सांगितलं, की झेपेलिनचे पेज आणि प्लांट यांच्या कानावर 'टॉरस' पडलेलं असू शकतं, पण दोन्ही गाण्यांत कायद्याला लागेल एवढं साम्य नाही. 2018 मध्ये अपिलात तो निकाल फिरला, मार्च 2020 मध्ये मोठ्या खंडपीठाने ज्यूरीचाच निकाल पुन्हा कायम केला, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

या खटल्यातली एक गोष्ट मला फार लागली. साम्य ठरवण्यासाठी ज्यूरीला 'टॉरस'चं मूळ ध्वनिमुद्रण ऐकायला मिळालंच नाही. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात संरक्षण होतं ते नोंदणीच्या वेळी कागदावर लिहून जमा केलेल्या स्वरलिपीला. त्यामुळे कागदावर जेवढं होतं तेवढंच तुलनेला आलं. मुद्रणात जो रंग आहे, तारेवरचा जो हात आहे, तो कागदावर कुठून येणार? निकाल मला पटतो. पण ज्या गोष्टीमुळे दोन्ही गाणी सारखी वाटतात तीच कोर्टाबाहेर राहिली, याचा सल जात नाही.

आणि ज्याने 'टॉरस' रचलं तो स्पिरिटचा रँडी कॅलिफोर्निया तोवर हयातच नव्हता. नामवंत गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने ज्याला कोवळ्या वयात आपल्या बँडमध्ये घेतलं, हे नावही ज्याला त्यानेच दिलं, तो हा पोरगा. 1997 च्या जानेवारीत हवाईच्या समुद्रात आपल्या बारा वर्षांच्या मुलाला वाचवताना तो बुडाला. मुलगा वाचला. त्याने स्वतः कधी दावा लावला नव्हता. अखेरच्या काळात मुलाखतीत मात्र बोलला होता: त्या मंडळींनी लाखोंनी कमावलं, पण पैशांचं सोडा, कोणी साधं थँक यूसुद्धा म्हटलं नाही. हे वाचलं आणि भाच्याचा प्रश्न माझ्यासाठी बदलला. कोणी कोणाचं घेतलं हे शोधत बसण्यापेक्षा, घेतलेल्याचं नाव घेतलं का, हे मला महत्त्वाचं वाटायला लागलं.

कारण रॉकची गाणी सारखी वाटणारच. ती वाढलीच ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या, अंगणात. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा आवर्तनांचा. त्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, तीन, आपल्या भाषेत सा, म आणि प यांच्यावर उभ्या केलेल्या. सुरुवातीला सा वर चार आवर्तनं, मग म वर जाऊन परत सा, शेवटी प ला शिवून घरी. त्यात चार मात्रांचा सरळ ठेका. शिवाय वाद्य गिटार. मोकळ्या तारांमुळे काही कॉर्ड हाताखाली आपोआप येतात, आणि पाच सुरांचा एक चौकोन असा आहे की बोटं तिथेच जाऊन पडतात. हजारो पोरं एकाच चौकोनात बोटं फिरवणार, तर त्यांची वळणं एकमेकांच्या अंगावरून जाणार नाहीत तर काय होईल?

चक बेरीचंच बघा. 1958 सालच्या 'जॉनी बी. गुड'ची ती सुरुवात म्हणजे रॉकची नांदीच. पण लुई जॉर्डनच्या 1946 च्या एका रेकॉर्डवर कार्ल होगन या गिटारवाल्याने तीच वाजवून ठेवली आहे. बेरीने होगनचं ऋण उघडपणे मान्य केलेलं आहे. पुढे 1963 मध्ये बीच बॉइजनी बेरीची 'स्वीट लिटल सिक्स्टीन' ही चाल घेऊन त्यावर समुद्र आणि लाटांचे शब्द बसवले, आणि नंतर त्या गाण्यावर बेरीचं नाव आलं. होगनचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? मी भाच्याला आजच सांगितलं आणि ती जुनी रेकॉर्ड ऐकवली. त्याचे डोळे मोठे झाले.

टॉम पेटी या अमेरिकन रॉक गायकाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे, तो त्याच्या गाण्यांइतकाच या बाबतीतल्या वागण्यामुळे. 2006 मध्ये रेड हॉट चिली पेपर्सचं 'डॅनी कॅलिफोर्निया' आलं तेव्हा ते पेटीच्या 'मेरी जेन्स लास्ट डान्स'सारखं आहे म्हणून लोकांनी गलका केला. पेटी दावा लावायला गेला नाही. बरीच रॉक गाणी एकमेकांसारखी असतात, चक बेरीला विचारा, अशा अर्थाचं तो बोलला. स्ट्रोक्सनी 'लास्ट नाइट'ची सुरुवात त्याच्या 'अमेरिकन गर्ल'वरून घेतल्याचं खुल्या दिलाने सांगून टाकलं, तर तो खळखळून हसला. सॅम स्मिथच्या 'स्टे विथ मी'चा मुखडा मात्र त्याच्या 'आय वोन्ट बॅक डाउन'च्या फारच जवळ गेला होता. तिथे बोलणी झाली, पेटी आणि जेफ लिन यांची नावं गाण्यावर लागली, साडेबारा टक्के हिस्सा ठरला, आणि असे अपघात गाण्यात होतातच, मनात काही नाही, असं पेटीने जाहीर केलं. इतकं सरळ होऊ शकतं.

जॉन फोगर्टीच्या वाट्याला याच्या उलट आलं. त्याच्या क्रीडन्स बँडच्या गाण्यांचे हक्क जुन्या रेकॉर्ड कंपनीकडे, फँटसीकडे राहिले होते. 1985 च्या त्याच्या अल्बममधलं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे 1970 च्या 'रन थ्रू द जंगल'सारखं आहे, असा दावा फँटसीने लावला. दोन्ही गाणी फोगर्टीचीच! स्वतःसारखं गायल्याबद्दल माणूस कोर्टात उभा. 1988 मध्ये तो साक्षीला गिटार घेऊन गेला आणि आपली वळणं कुठून येतात ते ज्यूरीला वाजवून दाखवलं. तो जिंकला. वकिलांच्या खर्चाचा वाद पुढे थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1994 मध्ये तिथेही निकाल त्याच्या बाजूने लागला. प्रत्येक कलावंताच्या हाताला एक वळण असतं, अक्षरासारखं. ते कंपनीच्या नावावर कसं लिहून देणार?

बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची गोष्ट मला सगळ्यात जवळची. 'माय स्वीट लॉर्ड' 1970 चं. त्यात मागे 'हरे कृष्ण' आहे, 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णु' आहे. शाळेत हात जोडून म्हटलेला श्लोक त्या गाण्यात पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. 1963 च्या शिफॉन्सच्या 'ही इज सो फाइन'वरून ते घेतलं असा दावा झाला. निकालपत्रात न्यायमूर्तींनी दोन तुकडे सुटे करून दाखवले आहेत. आपल्या सरगमीत पहिला प, ग, रे. दुसरा खालच्या सप्तकातून: प, ध, सा, ध, सा. दुसरा तुकडा परत येताना एका जागी मध्ये रे ची हलकी कणी लागते, आणि तीसुद्धा दोन्ही गाण्यांत त्याच जागी. पेटीवर मी हे आज पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं. प, ग, रे इथवर मी हॅरिसनच्या बाजूने असते, कारण सगळे सूर भूप रागाचे, आणि भूपाचे पाच सूर जगात कोणाच्याही तोंडी येतील. पण ती कणी आली की वाद संपतो.

लहानपणी आमच्या बाईंनी भूप आणि देशकार शिकवला तेव्हाची गोष्ट आठवली. दोन्हींत सूर तेच पाच. पण भूप रात्रीचा, त्यात ग ला मान. देशकार सकाळचा, त्याचा जीव ध वर. ग वर जरा जास्त रेंगाळलं तर बाई तिथेच थांबवायच्या. सूर सारखे असून गाणं वेगळं असू शकतं, ते चलनावरून, म्हणजे सूर कसे चालतात यावरून, ठरतं, हे मला तिथे कळलं. हॅरिसनच्या बाबतीत सूरही तेच आणि चलनही तेच निघालं.

31 ऑगस्ट 1976 ला निकाल लागला: मुद्दाम नव्हे, नकळत, मनात आधीपासून बसलेल्या चालीतून ही नक्कल झाली. न्यायमूर्ती रिचर्ड ओवेन स्वतः संगीत रचणारे होते, हे मला विशेष वाटतं. मला हा निकाल खरा वाटतो आणि हॅरिसनचा प्रामाणिकपणाही खरा वाटतो. लहानपणी रेडिओवर ऐकलेलं आपल्यात कुठे जाऊन बसतं हे कोणाला सांगता येतं? मात्र मूळ गाणं रचणारा रॉनी मॅक हिट झाल्यावर वर्षभरातच, अगदी तरुण वयात गेला होता. पुढे ॲलन क्लाइनने, हॅरिसनच्याच जुन्या मॅनेजरने, 1978 मध्ये त्या गाण्याचे हक्क विकत घेतले आणि समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला. कोर्टाने त्याला त्यातून नफा कमावू दिला नाही, दिले तेवढे 5,87,000 डॉलर घे आणि हक्क हॅरिसनला दे, असं ठरलं. या सगळ्यात मॅकच्या चालीबद्दल कोणाला प्रेम होतं, असा प्रश्न पडतो.

आपल्याकडे याची एक सुंदर रीत होती. आजोबांच्या कपाटातलं 'सौभद्र' मी लहानपणी चाळायचे. पदाच्या डोक्यावर कंसात चाल छापलेली असायची, म्हणजे हे पद कोणत्या आधीच्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते. किर्लोस्करांना त्यात कमीपणा वाटला नाही आणि प्रेक्षकांनी त्यांना चोर म्हटलं नाही. आरत्यांचं तर काय सांगावं, एका चालीवर अख्खा गणपती पार पडतो.

रॉकमध्येही असा मोकळेपणा मला एका जागी सापडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडने 1969 मध्ये व्हायोलिनवर एक तुकडा वाजवला, नाव 'बॉम्बे कॉलिंग'. डीप पर्पलचा जॉन लॉर्ड तो ऑर्गनवर संथ करून वाजवत बसला, आणि त्यातून 1970 चं 'चाइल्ड इन टाइम' उभं राहिलं. पर्पलचा गायक गिलन याने हे मुलाखतींत लपवलेलं नाही. तिकडे त्या बँडनेही त्याच सुमारास पर्पलचं 'रिंग दॅट नेक' आपल्या अल्बममध्ये वळवून घेतलं. फिट्टंफाट. भाच्याला दोन्ही लागोपाठ ऐकवली तर म्हणाला, पहिलं पळतंय आणि दुसरं रडतंय. शाब्बास! चलन ओळखायला लागला.

त्याने विचारलेलं एक मात्र अजून सुटलेलं नाही. द व्हर्वच्या 'बिटरस्वीट सिंफनी'तले व्हायोलिन आले रोलिंग स्टोन्सच्या 'द लास्ट टाइम'च्या वाद्यवृंदी मुद्रणातून. तिथेही हाच क्लाइन आडवा आला आणि 1997 पासून त्या गाण्याचे सगळे हक्क स्टोन्सच्या नावावर गेले. 2019 मध्ये स्टोन्सच्या जॅगर आणि रिचर्ड्स यांनी ते व्हर्वच्या रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टला परत दिले. छान केलं, मनापासून आवडलं. पण 'द लास्ट टाइम'चा मुखडा त्यांनी स्वतः घेतला तो स्टेपल सिंगर्सनी 1950 च्या दशकात गायलेल्या एका भजनातून. कृष्णवर्णीय चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते भजन. रिचर्ड्सने हे बोलूनही दाखवलं आहे. तरी 'द लास्ट टाइम'वर आजही नावं दोनच आहेत, जॅगर आणि रिचर्ड्स. "मग त्यांचं नाव कोण लावणार?" असं भाचा विचारत होता, आणि मला खरंच वाटतं की ते लावलं पाहिजे.