ऱ्योकानला जाताना: दाशी, जोडवी आणि सहाचं जेवण

ऱ्योकान, म्हणजे जपानमधली पारंपरिक सराई, हे गरम पाण्याची सोय असलेलं हॉटेल समजून बुकिंग केलं की घोटाळा होतो. इथे खोलीपेक्षा संध्याकाळ विकली जाते: स्नान, रात्रीचं जेवण, झोप, सकाळची न्याहारी. म्हणून भाडं बहुधा माणशी असतं, खोलीमागे नाही. जपानी साइटवर दिसणारा आकडा एकट्याचा की दोघांचा, ते आधी बघा. ओन्सेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, गावी माणशी, दर रात्री स्नानकर वेगळा पडतो, साधारण १५० येन. तो कधी कधी रोखच मागतात.

खोली बहुतेक ठिकाणी दुपारी ३ वाजता मिळते. जेवण ६ किंवा ७ ला, आणि ते खरंच त्याच वेळी. स्वयंपाकघर एकेक पदार्थ ताजा करून पाठवतं. आठला पोचलात तर जेवण हुकतं आणि पैसेही परत येत नाहीत. डोंगरातल्या गावाची शेवटची बस पुष्कळदा उन्हं कलायच्या आत सुटते, त्यामुळे स्टेशनवरून न्यायला गाडी येते का आणि किती वाजता, हे बुकिंग करतानाच विचारा. मोठ्या बॅगा ताक्क्यूबिन या कुरिअरने पुढच्या शहरातल्या हॉटेलवर पाठवाव्यात. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोचतात. चाकांची बॅग तातामीवरून, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवरून, ओढणं म्हणजे कुणाच्या सारवलेल्या अंगणातून सायकल नेणं.

आता शाकाहारी मंडळींचा प्रश्न. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. त्याचा अर्थ अनेक स्वयंपाकघरांत ‘मटण-चिकन नको’ एवढाच लागतो. खरी अडचण दाशीची. वाळवलेल्या बोनिटो (जपानीत कात्सुओ) माशाच्या किसापासून काढलेलं हे पाणी जपानी स्वयंपाकाचा पाया आहे. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्ये ते असतं, शिजवलेल्या भोपळ्यात असतं, पालकाच्या कोशिंबिरीसारख्या पदार्थावर ओतलेलं असतं, तेंपुरा म्हणजे जपानी भज्यांबरोबरच्या वाटीतही असतं. ताटात मासा दिसत नाही म्हणून ताट शाकाहारी ठरत नाही. बुकिंगच्या वेळीच, आणि निदान आठवडाभर आधी, स्पष्ट लिहा: मांस नको, मासे नकोत, कात्सुओची दाशी नको, कोंबू म्हणजे समुद्रशेवाळ किंवा शिताके अळिंबीची दाशी चालेल. अंडं-दूध चालतं की नाही तेही त्यातच. समोर बसून सांगितलंत तर काहीच बदलता येत नाही, कारण सामान सकाळीच आलेलं असतं.

काही ऱ्योकान सरळ ‘जमणार नाही’ कळवतात. वाईट वाटून घेऊ नका, गोड बोलून दाशी वाढणाऱ्यांपेक्षा हे बरे. अशा वेळी सुदोमारी, म्हणजे जेवणाशिवायचा मुक्काम घ्या आणि दशम्या-चटणी सोबत ठेवा. बाहेरचं खाणं खोलीत चालतं का ते मात्र विचारून. फोडणीचा वास तातामीत मुरतो. जेवणच महत्त्वाचं असेल तर वाकायामातल्या कोयासानला देवळात राहा. तिथल्या शोजिन, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या, जेवणात मांस-मासा नसतो, कांदा-लसूणही नसतो. फक्त ओन्सेनची अपेक्षा तिथे ठेवू नका.

खोलीचे नियम थोडके. बूट दारात, सपाता बोळात, तातामीवर फक्त मोजे किंवा अनवाणी. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या घालून बाहेर आलात तर सगळं घर हसतं. चित्र टांगलेला कोनाडा, तोकोनोमा, सामान ठेवायला नाही. युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, नेसताना डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलटी फक्त मृतदेहाला नेसवतात. गादी तुम्ही जेवत असताना घातली जाते.

स्नानाला निघण्याआधी दागिने खोलीतल्या तिजोरीत ठेवा. कुसात्सुसारख्या गंधकाच्या झऱ्यांत चांदी काही मिनिटांत काळी पडू शकते, म्हणजे जोडवी आणि पैंजण गेलेच. सोन्यातही तांबं-चांदी मिसळलेली असते, तेव्हा मंगळसूत्रही काढा. वर्षानुवर्षं न निघालेली जोडवी घरीच साबण लावून सैल करून बघा. कुसात्सुचं पाणी लिंबाच्या रसाइतकं आंबट आहे, नुकतीच दाढी केलेली असेल तर झोंबतं.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण कपड्यांनिशी उतरतो. जपानी कुंडांत पोहण्याचा पोशाखही चालत नाही. आणि कुंड अंग धुवायला नसतं: आधी ठेंगण्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं, फेसाचा थेंब उरता कामा नये, केस वर बांधायचे, मग उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवू नका, डोक्यावर ठेवा. पाणी साधारण ४० ते ४२ अंशांचं असतं. पहिल्या खेपेला पाच मिनिटं पुरेत. बाहेर पडताना सावकाश उठा, उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. साके (तांदळाची दारू) प्यायल्यावर किंवा भरल्या पोटी तर नकोच. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा. आधी-नंतर पाणी प्या.

अंगावर टॅटू असेल तर अनेक ठिकाणी मनाई असते, आणि आजीच्या हातावरचं गोंदणही त्यातच मोजलं जाऊ शकतं. किनोसाकी या ओन्सेनच्या गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांत ही अट नाही. इतरत्र काशिकिरी, म्हणजे तासाभरासाठी एकट्या कुटुंबाला मिळणारं कुंड, पोचल्याबरोबर लावून ठेवा. लाजऱ्यांनाही तेच सोयीचं. पाळी सुरू असेल तर कुंड टाळावं, म्हणून खोलीत न्हाणीघर आहे का हे आधीच विचारा. जुन्या ऱ्योकानांत नसतं.

एक गोष्ट सकाळी हमखास चुकते. पुरुषांचं आणि बायकांचं कुंड पुष्कळ ठिकाणी रात्रीतून अदलाबदल होतं. दारावरचा पडदा रोज वाचा: वर चार खणांची चौकट असलेलं अक्षर पुरुषांचं. काल डावीकडे गेलो होतो म्हणून आजही डावीकडे शिरू नका.