नववीच्या गुणांपाशी अडलेला लाइनबॅकर : माझा अनुभव

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावफळीत दुसऱ्या रांगेत उभा राहणारा खेळाडू म्हणजे लाइनबॅकर. त्याच्या कारकिर्दीची चर्चा सुरू होते ती एनएफएलच्या (अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) ड्राफ्टपासून, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेपासून. निवड कोणत्या फेरीत झाली, खेळाडू किती हंगाम टिकला, गुडघे आणि डोके किती वर्षे शाबूत राहिले, हे सगळे बोलले जाते. परंतु शालेय शिक्षण संपून तीन हंगाम उलटल्याशिवाय एनएफएल कोणालाही ड्राफ्टमध्ये घेत नाही, आणि ती मधली वर्षे बहुतेक मुले महाविद्यालयीन फुटबॉलमध्येच काढतात. तेथे खेळण्यासाठी आधी एनसीएएच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या, पात्रता केंद्राची मंजुरी लागते. शाळेच्या मधल्याच वर्गात भारतातून आलेल्या मुलाला ती मिळवताना काय लागते, हे मला आधी कोणी सांगितले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही 2021 च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून नॉर्थ कॅरोलायनातील शार्लटला आलो. मुलाची नववी साताऱ्यात मराठी माध्यमातून झाली होती. येथे तो दहावीच्या वर्गात बसला. कबड्डीत कोपऱ्यावर खेळल्यामुळे चढाई करणाऱ्याच्या पायांवरून त्याची दिशा ओळखण्याची सवय त्याला होती, आणि शाळेच्या प्रशिक्षकांनी नेमके तेच हेरून त्याला लाइनबॅकरच्या जागी उभे केले. त्याची उंची बेताची आहे. पण शार्लटच्या स्टेडियमबाहेर ज्यांचा पुतळा आहे, ते लाइनबॅकर सॅम मिल्स अवघे 5 फूट 9 इंचांचे होते. 1981 मध्ये त्यांना कोणत्याही संघाने ड्राफ्ट केले नाही, तरीही पुढे ते एनएफएलमध्ये 12 हंगाम खेळले आणि 2022 मध्ये त्यांचा फुटबॉलमधील थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्यामुळे उंचीची चिंता आमच्या घरात फारशी नव्हती. चिंता कागदांनी दिली.

डिव्हिजन एकसाठी (महाविद्यालयीन संघांच्या तीन गटांपैकी सर्वांत वरच्या गटासाठी) नववी ते बारावीत मिळून 16 कोअर कोर्स, म्हणजे पात्रतेसाठी धरले जाणारे मुख्य अभ्यासविषय, पूर्ण व्हावे लागतात: इंग्रजीची चार वर्षे, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, सामाजिक शास्त्रांची दोन आणि उरलेले ठरवून दिलेल्या विषयांतून. या विषयांत जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी श्रेणी, किमान 2.3 हवा. खाते उघडणे, शुल्क भरणे, येथील शाळेने ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणनोंद) पाठवणे, यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. अडले ते नववीपाशी. हे विषय पूर्ण करण्याची चार वर्षांची मुदत नववी सुरू झाल्यापासून मोजली जाते, मग ती नववी कोणत्याही देशात झालेली असो. त्या वर्षाचे विषयवार गुण मूळ भाषेत आणि सोबत ओळीला ओळ असे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, असे दोन्ही द्यावे लागते. मला ही मागणी रास्तच वाटली.

आमच्याजवळच्या प्रगतिपुस्तकात गुणांचे रकाने कोरे होते आणि खाली फक्त वर्गोन्नतीचा शेरा होता. ते करोनाचे वर्ष होते. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने नववी आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षा न घेता पुढच्या वर्गात पाठवण्याचा निर्णय जाहीर केला होता. दहावीचे गुणपत्रक हरवले तर मंडळाकडून दुय्यम प्रत मिळवता येते. नववीची परीक्षा मात्र शाळेची असते आणि मंडळाकडे तिचे गुण नसतात. म्हणजे ते गुण असलेच तर एकाच ठिकाणी असणार होते, शाळेच्या कार्यालयातील कपाटात.

माझे धाकटे दीर साताऱ्यातच राहतात. ते शाळेत गेले आणि परत येऊन फोनवर म्हणाले, "वहिनी, ते म्हणतात परीक्षाच झाली नाही, तर गुण कुठून देऊ?" पुन्हा गेले, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला आहे ना, त्यावर इयत्ता लिहिलेली आहे, तेवढे पुरे, असे उत्तर मिळाले. त्यानंतर संबंधित लिपिक रजेवर, मग मुख्याध्यापक बैठकीला, मग निवडणुकीचे काम. साताऱ्यात शाळा भरते तेव्हा येथे मध्यरात्र उलटलेली असते. मी जागून फोन करत असे आणि पलीकडून "उद्या बघू" हेच ऐकत असे. इकडे एका महाविद्यालयाचे प्रशिक्षक मुलासाठी जागा धरून बसले होते आणि दर आठवड्याला, अगदी सौजन्याने, कागद आला का असे विचारत होते.

शेवटी मी त्या वर्षीच्या वर्गशिक्षिकांचा नंबर मिळवला. बाईंनी लगेच सांगितले की ऑनलाइन चाचण्यांचे आणि स्वाध्यायांचे गुण त्यांनी वर्षअखेरीस निकालपत्रकात भरून कार्यालयात जमा केले होते. गुण होते, नोंदवलेले होते, आणि ज्यांच्या ताब्यात होते त्यांनी कपाट उघडून पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते. हे ऐकून आलेला संताप अजूनही पूर्ण गेलेला नाही. मैदानावर रोज घाम गाळणाऱ्या मुलाची चार वर्षे एका न उघडलेल्या रजिस्टरमुळे वाया जाऊ शकतात, ही गोष्ट मी सहज विसरू शकत नाही.

मग तोंडी विनंत्या थांबवल्या. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज केला. त्यात जनरल रजिस्टर क्रमांक, वर्ष, तुकडी आणि नेमकी कोणती नोंद हवी ते लिहिले. शाळा अनुदानित असल्यामुळे ही माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते आणि त्याला 30 दिवसांची मुदत असते, हेही नम्रपणे नमूद केले. दिरांनी अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तेथून पाय काढला नाही. त्यानंतर मुख्याध्यापकांनी स्वतः लक्ष घातले, निकालपत्रक सापडले, आणि शाळेच्या लेटरहेडवर विषयवार गुण, सही-शिक्का आणि त्या वर्षी वार्षिक परीक्षा का झाली नाही याचा खुलासा, असे सगळे मिळाले. तो कागद हातात आला तेव्हा मला रडू आवरले नाही.

माझे सांगणे असे आहे की देश सोडण्यापूर्वीच नववीचे विषयवार गुणपत्रक सही-शिक्क्यासह दोन प्रतींत घ्यावे, मूल कोणता खेळ खेळणार हे तेव्हा ठरलेले नसले तरीही. दुसरे, येथील प्रत्येक शाळेच्या मान्य कोअर कोर्सची यादी पात्रता केंद्राच्या संकेतस्थळावर असते. विषय निवडण्याआधी ती काउन्सेलरसमोर उघडून बघावी, कारण परदेशातून आलेल्या मुलांना ज्या प्राथमिक इंग्रजी वर्गात बसवले जाते, तो सहसा कोअरमध्ये धरला जात नाही. आणि कागद अडलाच, तर खेळ संपला असे समजू नये. डिव्हिजन तीनमध्ये प्रवेशाचे शैक्षणिक निकष महाविद्यालयच ठरवते. सॅम मिल्स ज्या माँटक्लेअर स्टेटमधून आले, ते त्याच गटातले. लंडन फ्लेचरही डिव्हिजन तीनमधल्या जॉन कॅरोल विद्यापीठातून आला, त्यालाही कोणी ड्राफ्ट केले नाही, आणि तो लाइनबॅकर म्हणून 16 हंगामांत सलग 256 सामने खेळला.

खेळाडू हौशी आहे, व्यावसायिक नाही, हेही पात्रता केंद्र तपासते; त्या हौशीपणाच्या प्रश्नावलीचे राहिले. खेळातून पैसे मिळाले आहेत का, असे त्यात विचारतात, आणि आमच्या मुलाने गावच्या कबड्डी स्पर्धांत रोख बक्षिसे घेतली होती. त्याने ती सगळी लिहिली आणि त्यावरून काही अडचण आली नाही. हौशीपणा खेळानुसार पाहिला जातो. म्हणूनच आधी व्यावसायिक बेसबॉल खेळलेला क्रिस विंकी पुढे फ्लोरिडा स्टेटकडून फुटबॉल खेळू शकला आणि त्याने महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी 2000 मध्ये जिंकली. मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महाविद्यालयात जाणाऱ्यांना 1 एप्रिलपासून पात्रता केंद्राच्या खात्यात जाऊन हौशीपणाच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती स्वतः करावी लागते, हे लक्षात ठेवावे. ती आपोआप होत नाही.